देवस्थळी मावशींचं वाल्ड्रेस

देवस्थळी मावशी आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या या अपार्टमेंटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. ओळखीच्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं होतं. खालच्या मजल्यावर एक मराठी बाई एकट्या राहतात असं कळलं, म्हणून त्यांनाही सांगून आले. बेल वाजली, मी दार उघडलं. सत्तरीच्या आसपासच्या, काटक, आखूड कापलेले पांढरे केस, पाठीवर लाल सॅक. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. आत एकजण कराओकेवर जुनी गाणी गात होता आणि त्याच्यावर आवाज चढवून दोघंजण ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल भांडत होते.

"आज हवामान ठीक दिसत नाही," मावशी म्हणाल्या आणि जिना उतरून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःहून आल्या, फ्रिजमधला उरलेला मसालेभात आणि कोशिंबीर मागून घेऊन जेवल्या, आणि हात धुताना म्हणाल्या, "काल परत गेले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मागे वळण्यात लाज नाही."

हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांचं स्वतःचं मात्र नव्हे, नॉर्वेतलं. तिथे डोंगरात हिंडणाऱ्यांसाठी काही साधे नियम केलेले आहेत म्हणे, आणि त्यातला एक असा की वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. नॉर्वेतली माणसं हा नियम धुकं आणि बर्फ बघून पाळतात. मावशी तो बारमाही पाळत. मराठी मंडळाच्या नाटकातून पहिल्या अंकानंतर उठून येत. दुकानात रांग वाकडी वळलेली दिसली की भरलेली ढकलगाडी जागच्या जागी सोडून (आधी दूध परत फ्रिजमध्ये ठेवून) घरी येत. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीने साखरपुडा झाल्यावर लग्न मोडलं, तेव्हा बाकीच्या बायका लिफ्टमध्ये कुजबुजत होत्या. मावशी पेढे घेऊन तिच्याकडे गेल्या. नुसत्या देऊन आल्या नाहीत, तिच्या आईसमोर बसून तिला एक भरवूनही आल्या.

नॉर्वे त्यांच्या आयुष्यात कसं शिरलं, हे त्या कोणी विचारायची वाट न बघता सांगत. नागपुरात त्या भूगोल शिकवायच्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मुलींना सांगितलं की नॉर्वेचा किनारा दंतुर आहे. पुस्तकात एक चित्र होतं, ते इतकं काळपट छापलेलं की डोंगरांत घुसलेला समुद्राचा फियॉर्ड कुठला आणि शाईचा डाग कुठला ते कळायचं नाही. दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, बाई, तुम्ही पाहिलाय का? आणि दरवर्षी बाई म्हणायच्या, उत्तराला दोन गुण आहेत, लिहून घे.

पुढे त्या मुलाकडे बेलव्ह्यूला आल्या. इथल्या लायब्ररीत कोपऱ्यात एक जाडजूड पुस्तक त्यांना दिसलं, नॉर्वेतल्या वाल्ड्रेस नावाच्या खोऱ्यावरचं. ते कोणी कधी उघडलेलंच दिसत नव्हतं. मावशींना त्या पुस्तकाची दया आली. ते त्यांनी घरी आणलं, आणि मग बेलव्ह्यूत एक मराठी बाई अशी झाली की जिला या शहरातल्या बसचे नंबर धड पाठ नव्हते, पण वाल्ड्रेसमधली प्रत्येक लाकडी चर्च कुठल्या तळ्याच्या कुठल्या अंगाला आहे ते डोळे मिटून सांगता यायचं.

मी एकदा म्हटलं, मावशी, नॉर्वे म्हटलं की लोक फियॉर्ड बघायला जातात. हे खोरं तर पार आत आहे, समुद्र नाही काही नाही.

"किनारा सगळेच बघतात," त्या म्हणाल्या. "आत कोण जातं?"

मुलाची बदली दूर प्लेनो नावाच्या शहरात झाली तेव्हा त्याने मोठं घर घेतलं आणि आईसाठी खाली स्वतंत्र खोली ठेवली. मावशी गेल्या आणि थोड्याच दिवसांत परत आल्या. प्लेनो पोळपाट आहे, असं त्यांचं मत पडलं. चालत जाण्यासारखं ठिकाण म्हणजे कोपऱ्यावरची टपालपेटी, तीही रोज उघडण्यात अर्थ नाही. मुलगा दर रविवारी फोन करून त्यांना बोलावत असे, त्या दर रविवारी त्याला प्लेनोची समुद्रसपाटीपासूनची उंची विचारत.

इथे मात्र त्यांनी संसार थाटला होता. दर शनिवारी सकाळी आमच्या पार्किंग लॉटमध्ये त्यांचं 'वाल्ड्रेस मंडळ' जमायचं. मुलांकडे येऊन राहिलेले आईवडील, सासूसासरे, अशी सगळी. दिवसभर घरात बसून मराठी सिरियली बघणारी, नातवंडांचं इंग्रजी न कळणारी, गाडी चालवता न येणारी ही माणसं मावशींनी एकेका सोफ्यावरून उठवून आणली होती. त्यांना घेऊन त्या जवळच्या कूगर माउंटनच्या पायवाटांवर जायच्या. तिथल्या एका चढाला त्यांनी बिटिहॉर्न हे वाल्ड्रेसमधल्या डोंगराचं नाव ठेवलं होतं. एका लाकडी पुलापासून पुढची सपाट वाट म्हणजे राजरस्ता, कारण वाल्ड्रेसमधून डोंगर ओलांडून जाणारा एक जुना राजरस्ता आहे आणि लोक आता त्यावर हौसेने पायी हिंडतात. परिणाम असा की कोल्हापूरच्या एक पाटीलकाकू इथला मुक्काम संपवून घरी गेल्या आणि आपण अमेरिकेत बिटिहॉर्न चढलो असं सगळ्या आळीला सांगत सुटल्या. कोणी नकाशात शोधलं नाही हे नशीब.

अर्ध्या वाटेवर संत्री खायची हाही नियमच. नॉर्वेतले लोक डोंगरात जाताना आठवणीने संत्रं नेतात, असं मावशींनी वाचलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या नागपुरी मनात काही शंकाच राहिली नाही. "म्हणजे ते आपलेच," असं त्या म्हणत.

याच संत्र्यांमुळे माझे वडील त्यांच्या हाती लागले.

आई गेल्यावर मी अण्णांना सांगलीहून कायमचं इकडे आणलं होतं. ते बँकेत होते, माणसांत वावरलेले, गप्पिष्ट. पण इथे आले ते गप्पच आले. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे, जेवायचे, खिडकीपाशी बसायचे. आईचं नाव तर त्यांच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं. मी आणि माझा नवरा नितीन दोघांनी सगळे उपाय करून पाहिले. सीनियर सेंटरला नेलं, मंदिरात नेलं, भजनी मंडळात बसवून आलो. ते सगळीकडे यायचे आणि सगळीकडे तसेच बसायचे.

मावशींनी त्यांना फिरायला या असं म्हटलंच नाही. एका शनिवारी त्या वर आल्या, अण्णांसमोर संत्र्यांची पिशवी ठेवली आणि सांगितलं की आज उचलायला माणूस नाही, माझा खांदा दुखतोय. अण्णांच्या पिढीतल्या माणसाला बाईमाणसाने ओझं उचलायला सांगितल्यावर नाही म्हणता येत नाही. ते उठले. पुढचे कितीतरी शनिवार मावशींचा खांदा दुखतच होता.

अण्णा पिशवी घेऊन शेवटून चालायचे. बोलायचे नाहीत. मावशी पुढून सगळ्यांना चर्चच्या गोष्टी सांगायच्या. उभ्या खांबांवर, फळीत फळी बसवून बांधलेल्या त्या चर्च, छतांवर छतं, त्यांच्या टोकांना ड्रॅगनची तोंडं. गावकऱ्यांनी नवा देव तर स्वीकारला, पण जुन्या काळातले ड्रॅगनही घराबाहेर काढले नाहीत, हे मावशींना फार आवडायचं. त्यांची सगळ्यांत लाडकी चर्च मात्र त्यांतली सगळ्यांत लहान, ओये नावाच्या गावातली. तळ्याकाठची ही जुनी चर्च गावाने कधीकाळी पाडली आणि नवी बांधली. त्यानंतर दोनेकशे वर्षांनी नव्या चर्चच्या जमिनीखाली काम करताना जुन्या चर्चची लाकडं सापडली. खांब, फळ्या, कोरलेलं दार. मग ती जोडून जोडून लोकांनी जुनी चर्च पुन्हा उभी केली.

मावशींनी ही गोष्ट सांगितली त्या दिवशी संत्रं सोलता सोलता अण्णा अचानक बोलले. "ती लाकडं खाली ठेवली कोणी?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मावशींनी मात्र रोज बोलणाऱ्या माणसाने विचारावं तसा तो प्रश्न घेतला. कोणी ठेवली ते माहीत नाही म्हणाल्या. थंडीचा मुलूख, लाकूड जाळायला सहज उपयोगी पडलं असतं. तरी कोणीतरी ते नीट रचून ठेवलं. आपल्या हयातीत ते परत उभं राहणार नाही हे त्याला माहीत असणार.

अण्णा राहिलेलं संत्रं सोलायला लागले. पण पुढच्या शनिवारी ते मागून चालले नाहीत. मावशींच्या बरोबरीने चालले आणि त्या बांधकामाबद्दल शंका विचारत राहिले. मग रोज संध्याकाळी खाली जाऊन ते जाड पुस्तक बघणं सुरू झालं. लायब्ररी ते पुस्तक मावशींना पुन्हा पुन्हा देत होती, दुसरं कोणी मागतच नव्हतं. अण्णा त्यांना देवस्थळीबाई म्हणत आणि त्या त्यांना अण्णासाहेब. दोघंही भांडत. सांगलीच्या माणसाला नागपूरचा तिखटपणा झेपत नाही आणि नागपूरच्या बाईला सांगलीकरांची संथ चाल झेपत नाही, एवढाच त्या भांडणांचा सारांश.

वाल्ड्रेसला खरोखरच जायचं, हे त्याच संध्याकाळांतून निघालं. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं आणि गुडघे होते असे पाचजण तयार झाले. मावशी, अण्णा, एक निवृत्त डॉक्टर दांपत्य आणि लीलाकाकू. लीलाकाकू म्हणजे मंडळातल्या सगळ्यांत भित्र्या बाई, मुलीकडे राहायच्या. चढावर मावशींच्या सॅकचा पट्टा धरूनच चालायच्या. व्हिसाचं सगळं आम्ही मुलांनी केलं. गाडी चालवायला नितीनने सुट्टी काढली. मला ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती, मी राहिले. मावशींनी प्रवासाचा कार्यक्रम असा आखला होता की त्यात कुठल्या वळणावर गाडी थांबवून खिडकीतून डावीकडे बघायचं हेही ठरलेलं होतं.

निघायला आठवडा राहिला असताना लीलाकाकू बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि चालायला शिकवण्यासाठी त्यांना एका रिहॅब सेंटरमध्ये ठेवलं. मुलीला लहान बाळ. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. नर्स उठा म्हणाली की त्यांना वाटायचं रागावली. दोन दिवस त्या काही खाईनात, आणि पाय टेकवायला तर अजिबात तयार होईनात.

आम्ही सगळे आमच्याकडे जमलो होतो. मावशी भेटून आल्या होत्या. त्यांनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं की आपण येणार नाही. लीलाला रोज कोणीतरी मराठीत पाय टाक म्हणणारं पाहिजे. मुलगी येईल तेव्हा येईल, दिवसभर कोण?

आमच्यातल्या डॉक्टरांनी ट्रिप पुढे ढकलू या म्हटलं. लीलाकाकूंजवळ थांबायला मी रजेचं बघते म्हटलं. नितीनने तिकिटं बदलता येतात का ते बघायला लॅपटॉप उघडला. मावशींनी तो बंद केला. पुढच्या उन्हाळ्यात कोणाचे गुडघे कसे असतील ते कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं. आणि नियम तुम्हाला पाठ आहे ना, एकाला मागे फिरावं लागलं तर बाकीच्यांनी उगाच उतरायचं नाही. हा दुसरा नियम नॉर्वेचा होता की त्यांनी तिथल्या तिथे केला, ते मला अजून माहीत नाही.

अण्णा खिडकीपाशी उभे होते. ते म्हणाले, "तुम्ही नसाल तर मीही जात नाही."

"अण्णासाहेब," मावशी म्हणाल्या, "तुम्ही नाही गेलात तर मला तिथे कोण नेणार?"

एवढं म्हणून मावशी उठून गेल्या. लिफ्टपर्यंत सोडायला मी गेले, तेव्हा त्या फक्त रिहॅबला जाणारी बस किती वाजता असते एवढंच विचारत होत्या.

मंडळी गेली. मावशी रोज सकाळी मऊ भाताचा डबा घेऊन लीलाकाकूंकडे जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. मी एकदा बरोबर गेले होते. कॉरिडॉरमध्ये लीलाकाकू वॉकर धरून उभ्या होत्या आणि मावशी त्यांच्यासमोर उलट्या चालत होत्या. काकूंनी भिंत बघू नये म्हणून त्या बोलत होत्या, आता उजवीकडे तळं, आता पूल, आता थोडा चढ. त्यांच्यामागून फिजिओथेरपीवाली मुलगीही तळं शोधत चालली होती.

तिकडून रोज नितीनचा फोन यायचा. साय घालून केलेली लापशी खाल्ली, डॉक्टरीणबाईंना फार आवडली, डॉक्टरांना नाही. राजरस्त्यावर चालायला निघालो, पण धुकं आलं म्हणून अर्ध्यातून परत फिरलो. मावशींनी हे ऐकलं आणि वर्ग पहिला आल्यासारख्या खूश झाल्या. अण्णा फोनवर यायचे, पण एखादंच वाक्य बोलून फोन नितीनकडे द्यायचे. मला जरा धास्ती वाटायला लागली होती, की मावशींशिवाय ते पुन्हा पहिल्यासारखे झाले की काय.

ओयेला जायचं होतं त्या दिवशी तिकडे दुपार आणि आमच्याकडे पहाट. सहाला फोन येणार होता. त्याआधीच मावशी वर आल्या आणि मला म्हणाल्या, खाली ये, एकटीने बघायची गोष्ट नाही ही. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकटीने हा शब्द पहिल्यांदाच ऐकवला. मी पायात सापडतील त्या चपला अडकवून गेले.

त्यांच्या किचनमध्ये दिवा लागलेला होता, गॅसवर चहा ठेवलेला होता. टेबलावर फोन डब्याला टेकवून उभा केला होता. आणि मग माझं लक्ष गेलं. मावशींनी विंडचीटर घातलं होतं, चेन गळ्यापर्यंत लावलेली. पायात नवे कोरे बूट होते, जाड तळव्यांचे, नाड्या दुहेरी गाठ मारून बांधलेल्या. तळव्याला अजून दुकानातला स्टिकर होता.  

फोन वाजला. नितीनने आधी तळं दाखवलं, मग गवत, मग ती काळी, बुटकी चर्च. खरंच लहान होती. मावशी पुढे वाकल्या आणि सूचना सुरू झाल्या. नितीन, फोन अण्णासाहेबांकडे दे. अण्णासाहेब, दार ठेंगणं आहे, डोकं सांभाळा. आत जायच्या आधी दोन्ही बाजूंचं कोरीव काम बघा, प्राणी एकमेकांत गुंतलेत, एकाची शेपटी कुठे संपते ते शोधायची खटपट करू नका, सापडणार नाही. अण्णा सांगितलं तसं करत होते. फोन हलत होता, कधी लाकूड दिसायचं, कधी अण्णांचा कान. मग ते वाकून आत गेले आणि पडदा अंधारला.

"दिसत नाही नीट," अण्णा म्हणाले. "उजेड कमी आहे."

"दिसायचं ते मी पुस्तकात पाहिलंय," मावशी म्हणाल्या. "वास कसा येतो ते सांगा. ते पुस्तकात नाही."

 कॉल तुटला की काय म्हणून मी पुढे झाले. मावशींनी मला हातानेच थांबवलं.

"डांबराचा," अण्णा म्हणाले. "कृष्णेच्या घाटावर होड्या उलट्या घालून डांबर लावायचे, तसा. पण तेवढा उग्र नाही, जुना झालेला." त्यांनी पुन्हा वास घेतला. "आणि त्याच्या खालून दुसरा एक येतो. सुधाची पेटी होती लग्नातली, सागवानी. ती उघडली की यायचा. पहिल्यांदा उघडली तेव्हा ती म्हणाली होती, यात काही ठेवायचं नाही, वास जाईल. शेवटपर्यंत निम्मी रिकामी होती ती पेटी."

सुधा म्हणजे माझी आई. ही पेटीची गोष्ट मी कधीच ऐकलेली नव्हती. मी सिंककडे तोंड करून उभी राहिले.

मला वाटलं, आता मावशी पुढची सूचना देतील. छत बघा म्हणतील, खांब मोजा म्हणतील. पण भूगोलाच्या बाई, शनिवारी चढावरसुद्धा धाप न लागता बोलणाऱ्या, नुसत्या फोनकडे बघत उभ्या होत्या.

"देवस्थळीबाई," अण्णांचा आवाज आला, "मी इथे जरा बसतो. तुम्हीही बसा."

मावशींनी खुर्ची ओढली आणि बसल्या. हात मांडीवर ठेवले. अण्णांनी फोन बाकावर उताणा ठेवला असावा, कारण पडद्यावर आता फक्त छताची काळी लाकडं दिसत होती. चहा उतू जायला आला होता, तो मी हळूच बंद केला. तिकडे कोणीतरी बाहेर बोलत होतं, मग तेही थांबलं.

थोड्या वेळाने नितीनचा आवाज आला, अगदी हळू. इथे काही बोलणं चाललेलं दिसत नाही, कॉल कट करू का, असं तो विचारत होता.

"नको," दोघंही एकदमच म्हणाले.